रसायनशास्त्र, पण कोणत्या यादीतलं?

माझी लेक नाशिकला नववी झाली आणि त्या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात, राहायला आलो. इथली शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, त्यामुळे वर्ष वाया न जाता दहावीत प्रवेश मिळाला. घोडं अडलं ते विज्ञानाशी. आपल्याकडे नववीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हे एकच पुस्तक. गतीचे नियम त्यात, आम्ल-आम्लारी त्यात, वनस्पतींचं वर्गीकरणही त्यातच. इथे मात्र जीवशास्त्र एक वर्ष, रसायन एक वर्ष, भौतिक एक वर्ष, असा प्रत्येकाचा सवतासुभा. शाळेच्या काउन्सेलर बाईंनी तिची गुणपत्रिका खालीवर करून पाहिली आणि सांगितलं, जनरल सायन्सचे 10 क्रेडिट (विषय झाल्याच्या हिशेबाची एककं) देते, पण जीवशास्त्र करावं लागेल. म्हणजे दहावीत ती नववीच्या मुलांबरोबर जीवशास्त्राला बसणार, अकरावीत रसायन, आणि तिला ज्याची ओढ होती ते एपी केमिस्ट्री, म्हणजे शाळेतच शिकवलं जाणारं कॉलेजच्या पातळीचं रसायन, थेट बारावीत. एपीच्या आधी शाळेतलं साधं रसायन झालेलं असावं ही एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाची शिफारस आहे, आणि आमच्या शाळेने तिचा नियमच करून टाकलाय.

“मग उन्हाळ्यात ऑनलाइन करते ना केमिस्ट्री. वर्गातले कितीतरी जण करतात,” लेक म्हणाली.

आमच्या घरात ऑनलाइन शिक्षणाबद्दल फारसं प्रेम नव्हतं. कोविडच्या काळात कॅमेरा बंद करून पोरं काय काय करत होती हे सगळ्याच आयांनी पाहिलंय. पण पर्याय तरी काय होता? नवरा म्हणाला, “मान्यताप्राप्त शाळा बघ आणि पैसे भरून टाक, त्यात काय एवढं?” तो कामाला निघून गेला आणि मी लॅपटॉप उघडला.

तर झालं असं, की शोधायला गेलं की एकही ऑनलाइन शाळा अशी सापडत नाही जी मान्यताप्राप्त नाही. प्रत्येकीच्या पानाच्या तळाशी एखादं सोनेरी बोधचिन्ह, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘फुल्ली अ‍ॅक्रेडिटेड’. आपल्याला सवय बोर्डाची. एसएससी, सीबीएसई, आयसीएसई, फार तर मुक्त विद्यालय. बोर्ड म्हटलं की अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, शिक्का त्यांचा. मान्यता आहे की नाही हा प्रश्न एका शब्दात सुटतो. अमेरिकेत शालेय पातळीवर तसं एकछत्री काहीच नाही. मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो हे वाचून, की केंद्राचं शिक्षण खातं शाळांना मान्यता देत नाहीच, शिवाय शाळांना मान्यता देणाऱ्या संस्थांनाही मान्यता देत नाही. कॉलेजांच्या बाबतीत अशी अधिकृत यादी आहे. शाळांच्या बाबतीत नाही. म्हणजे उद्या मी आणि माझ्या शेजारणीने मिळून ‘अखिल विश्व शाळा मान्यता मंडळ’ काढलं आणि चार शाळांना सोनेरी चिन्हं वाटली, तर ते खोटं आहे असं सांगणारी दिल्लीसारखी एकच जागा इथे नाही.

मग विश्वास ठेवायचा कोणावर? तर परंपरेने नाव कमावलेल्या काही प्रादेशिक संस्था आहेत. आमच्या पश्चिम भागात वॅस्क. पूर्वेकडे मिडल स्टेट्स, न्यू इंग्लंडची वेगळी. आणि सगळीकडे पसरलेली कॉग्निया. या कॉग्नियाने माझा बराच गोंधळ उडवला, कारण काही शाळा तिचं नाव लिहीत, काही अ‍ॅडव्हान्सएड लिहीत, काही जुन्या पानांवर तर ‘साउदर्न असोसिएशन’ असं होतं. शेवटी उलगडा झाला: दक्षिणेकडची आणि मध्य भागातली अशा दोन जुन्या संस्था 2006 मध्ये एकत्र येऊन अ‍ॅडव्हान्सएड झाली, 2012 मध्ये वायव्येकडची तिसरी त्यात आली, आणि 2019 मध्ये सगळ्याचं नाव कॉग्निया झालं. ज्या शाळेच्या पानावर अजून जुनंच नाव झळकतंय, तिने ते पान किती वर्षांत उघडलेलं नाही याचाही अंदाज त्यावरून येतो.

या संस्थांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर शाळांची यादी असते. शाळेचं नाव टाकायचं आणि बघायचं. एवढं एक काम शाळेच्या शब्दावर सोडू नये. मला आवडलेल्या, फी परवडणाऱ्या, फोनवर फार गोड बोलणाऱ्या एका शाळेची मान्यता ज्या संस्थेची होती तिच्या पानावर पत्ता नव्हता, माणसांची नावं नव्हती, आणि तिने मान्यता दिलेल्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. फोनवरच्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “आमची मुलं देशभरातल्या विद्यापीठांत जातात.” जात असतीलही. मी फोन ठेवला.

हे झाल्यावर मला वाटलं, आता वॅस्क किंवा कॉग्निया असलेली निवडली की गंगेत घोडं न्हालं. तसं नव्हतं. मान्यता शाळेला असते, विषयाला नसते. शाळेचा कारभार नीट आहे, शिक्षक आहेत, नोंदी ठेवल्या जातात, ठरावीक वर्षांनी बाहेरची माणसं येऊन तपासून जातात, एवढंच त्या चिन्हाचं म्हणणं. तिथला रसायनाचा कोर्स कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांना चालतो का, हा प्रश्न पूर्ण वेगळा, आणि त्याचं उत्तर वेगळ्या ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची ए-जी यादी. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे जिच्या शाखा आहेत, ती ही यूसी. प्रवेशासाठी तिने शालेय विषयांचे सात गट पाडलेत. इतिहास ए, इंग्रजी बी, गणित सी, प्रयोगशाळेसह विज्ञान डी, असे करत जी पर्यंत. डी मध्ये किमान 2 वर्षं लागतात, 3 असली तर बरं, आणि जीवशास्त्र, रसायन, भौतिक यांपैकी दोहोंचा पाया त्यात यायला हवा. प्रत्येक शाळेचा प्रत्येक विषय यूसीकडे जाऊन मंजूर होतो आणि वर्षवार यादीत लागतो. ही यादी कोणालाही उघडून बघता येते, खातं वगैरे काही लागत नाही. शाळेचं नाव घाला, वर्ष निवडा, गट डी उघडा.

मी एकेक ऑनलाइन शाळा त्यात टाकत गेले, आणि इथे खरी मजा सुरू झाली. एका शाळेचं केमिस्ट्री होतं, पण गट डी मध्ये नाही, गट जी मध्ये. जी म्हणजे ऐच्छिक विषयांचा गट, जिथे काहीही चांगलंचुंगलं मावतं. नाव तेच, पुस्तक बहुधा तेच, फी तीच. पण डी साठी यूसीची अट आहे की वर्गाच्या एकूण वेळेपैकी किमान 20 टक्के वेळ शिक्षकाच्या देखरेखीखाली, स्वतःच्या हाताने केलेल्या प्रयोगांचा हवा. ज्या कोर्समध्ये ते नाही तो जी मध्ये जाऊन बसतो. शाळेच्या जाहिरातीत मात्र ‘यूसी ए-जी अप्रूव्ह्ड’ एवढंच, आणि ते खोटंही नाही! जी सुद्धा ए ते जी मध्येच येतो की. अशा वाक्यांना मी आता वकिली वाक्यं म्हणते.

दुसऱ्या एका ठिकाणी कोर्स यादीत होता, पण दोन वर्षांपूर्वीच्या. चालू वर्षात तो नव्हता. आणि तिसरा प्रकार आणखी बारीक: काही कंपन्या फक्त कोर्स तयार करतात, त्या शाळा नसतात. त्यांचा कोर्स यूसीने तपासलेला असतो, पण क्रेडिट आणि ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) देणार ती कोर्स विकत घेणारी शाळा, आणि त्या शाळेने तो स्वतःच्या यादीत घातलेला असायला हवा. कागद कोणाच्या नावाचा येणार, हे विचारल्याशिवाय हे कळत नाही. मी विचारत गेले. काहींनी लगेच सांगितलं, काहींनी पीडीएफ पाठवले, एका ठिकाणाहून माझ्या मेलला उत्तर म्हणून सवलतीचा कूपन कोड आला.

दरम्यान मैत्रिणींचे सल्ले चालूच होते. इथल्या मराठी आयांचा व्हॉट्सअ‍ॅप गट म्हणजे चालतंबोलतं माहितीकेंद्र. पोळ्यांच्या बाईंपासून व्हिसाच्या मुलाखतीपर्यंत सगळं मिळतं. एकीने सांगितलं, यूसीचाच स्वतःचा यूसी स्काउट नावाचा ऑनलाइन कार्यक्रम आहे, तो बघ. दुसरीच्या मुलाने ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या इंडिपेंडंट स्टडीतून अर्थशास्त्र केलं होतं. फ्लोरिडातली एक म्हणाली, आमच्याकडे सरकारी व्हर्च्युअल स्कूलच आहे, 1997 पासून, आमची मुलं तिथेच करतात, फुकट. ते ऐकून जीव जळला, पण आपण फ्लोरिडात राहत नाही. आणखी एकीचा मुलगा स्पर्धेत पोहतो. तिने निराळंच खातं उघडून दाखवलं. कॉलेजात खेळायचं तर एनसीएए नावाच्या क्रीडा संघटनेची वेगळी छाननी असते, आणि तिथे शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नियमित संवाद नसलेला, आपल्या गतीने उरकायचा कोर्स नापास होतो, मान्यता असो वा नसो. आमच्या लेकीचा खेळाशी संबंध सोसायटीत बॅडमिंटन खेळण्यापुरताच होता, म्हणून ते पान मी मिटलं.

सगळ्यात जोरात आलेला सल्ला मात्र कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा) होता. इथे शाळेतल्या मुलांना जवळच्या कम्युनिटी कॉलेजात विषय घेता येतात, शिकवणीची फी माफ असते, आणि यूसीच्या हिशेबात 3 युनिटचा एका सेमिस्टरचा कॉलेज विषय म्हणजे शाळेचं एक अख्खं वर्ष. ऐकायला हा सौदा झकास. पण त्याला काटे आहेत. तिथली श्रेणी कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जाते, पुढे कुठेही अर्ज केला की ती दाखवावी लागते. नाव नोंदवायला शाळेतल्या मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि उन्हाळ्यातल्या रसायनाच्या जागा तोवर भरून गेलेल्या असतात. त्यातून प्रयोगशाळेचे तास धरून रोज सकाळ ते दुपार, तेही दीड-दोन महिन्यांत सगळं कोंबलेलं, आणि न्यायला-आणायला गाडी एकच. गणितात पुढे असलेल्या, इथेच वाढलेल्या मुलाला ते जमेल. नुकतीच येऊन ‘क्विझ’ आणि ‘मिडटर्म’ यांतला फरक समजून घेणाऱ्या मुलीला मी त्यात ढकलणार नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपवर यावरून दोन दिवस माझी शाळा घेतली गेली, ते असो.

माझ्या यादीत शेवटी मोजकीच नावं उरली. तेव्हा मी काउन्सेलर बाईंची वेळ घेतली. इथल्या काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस आहे की एकीमागे 250 विद्यार्थी असावेत. आमच्या बाईंकडे त्याहून बरेच जास्त आहेत, त्यामुळे वेळ मिळाली ती पंधरा मिनिटांची, आणि त्यांतली पहिली पाच आडनावाचा उच्चार बरोबर होतोय ना यात गेली. पण बाई खमक्या. मी यूसी, वॅस्क असं सुरू करताच त्यांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून समोर ठेवला. बाहेरून विषय घेण्याची पूर्वपरवानगी. “हा आधी,” त्या म्हणाल्या. “यावर माझी सही नसेल, तर कोर्स कितीही चांगला असो, माझ्याकडून क्रेडिट मिळणार नाही.”

हा फॉर्म मला आधी कोणीच दाखवला नव्हता, एकाही ऑनलाइन शाळेने तर नाहीच. आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच होती. बाहेरचं क्रेडिट घ्यायचं की नाही हे घेणारी शाळा ठरवते. त्याला कोणती मान्यता हवी, ते विषयाच्या खात्यात जाईल की ऐच्छिकमध्ये, श्रेणी शाळेच्या सरासरीत धरणार की नुसतं क्रेडिट देणार, एकूण किती बाहेरचे विषय चालतात, हे सगळं प्रत्येक शालेय जिल्ह्याचं (इथे स्थानिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचं) वेगळं. आमच्या जिल्ह्यात वॅस्क किंवा समकक्ष मान्यता हवी, यूसीच्या डी यादीत हवं, अंतिम परीक्षा देखरेखीखाली हवी, आणि श्रेणी आमच्या सरासरीत धरणार नाही. शेवटच्या अटीवर लेकीचा चेहरा पडला. “म्हणजे ए मिळवून उपयोग काय?” बाईंनी समजावलं: शाळा धरत नसली तरी यूसी धरते. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे सगळे ए-जी विषय यूसी स्वतः मोजते, कुठेही केले असले तरी, आणि सी च्या खाली श्रेणी आली तर विषय झालाच नाही असं समजते. म्हणजे सरासरी दोन, एक शाळेची, एक विद्यापीठाची.

जे कोणी या वाटेने जातील त्यांना माझं सांगणं एवढंच राहील, की शोध तिकडच्या टोकापासून सुरू करा. आधी आपल्या शाळेचा फॉर्म, मग यूसीची यादी, मग मान्यता, आणि सगळ्यात शेवटी ऑनलाइन शाळेचं चकाचक पान. मी गेले त्या क्रमाने गेलात तर उगाच दहा दारं वाजवाल.

कागदांचं झालं. पण शिकवणार कोण? या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवला, आणि त्याचं मला समाधान आहे. उरलेल्या प्रत्येक शाळेला मी एकच मागणी केली: प्रयोगाच्या एका अहवालाचा तपासलेला नमुना दाखवा, विद्यार्थ्याचं नाव खोडून. कारण व्हिडिओ सगळ्यांचेच छान असतात. प्रयोगाची सिम्युलेशनंही, कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची फुकट सिम्युलेशनं आहेत, नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेली, ती तर बहुतेक सगळेच वापरतात. फरक पडतो तो कोणी माणूस पोरीची वही वाचतो की नाही यात. एका शाळेत अहवाल म्हणजे पाच बहुपर्यायी प्रश्न होते, यंत्राने तपासलेले. दुसरीकडून नमुना आला त्यात समासात तपासणाऱ्याने लिहिलं होतं, ‘हे निरीक्षण नाही, हा तुझा निष्कर्ष आहे, दोन्ही वेगळे लिही.’ ती शाळा आम्ही घेतली. नाव लिहीत नाही, कारण मला ते विचारणाऱ्या प्रत्येकाच्या शाळेचा फॉर्म वेगळा असणार.

फी म्हणाल तर या बाजारात एका सेमिस्टरला काही शे डॉलरपासून हजाराच्या वरपर्यंत आकडे आहेत, आणि वर्षाचे सेमिस्टर दोन. जोडीला प्रयोगांचा संच वेगळा. आमची निवड मधल्या पट्टीतली होती.

वेळेचा हिशेबही आधीच करून ठेवावा. शाळेच्या एका वर्षाच्या विषयाला साधारण 120 तास हे जुनं माप आहे, कार्नेगी युनिट म्हणतात त्याला, 1906 पासूनचं. ते आठ-नऊ आठवड्यांत बसवायचं म्हणजे रोजचे तीन तास, शनिवारी प्रयोग धरून. ‘दिवसात अर्धा तास द्या’ असं जे कोणी सांगतं त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. आम्ही त्या उन्हाळ्यात भारतात जायचं रद्द केलं आणि उलट सासूबाईंनाच इकडे बोलावलं.

संच आला तो शाळेच्या दप्तराएवढ्या खोक्यात. गॉगल, हातमोजे, मोजपात्रं, ड्रॉपर, छोटा डिजिटल काटा, पीएच कागद, मॅग्नेशियमची फीत, मोरचूद, सोडियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फथॅलिन. सगळं इवलुशा बाटल्यांत. मी नाशिकच्या कॉलेजात बारावीला क्षारांचं परीक्षण केलंय, हायड्रोजन सल्फाइडच्या वासात. माझ्यासाठी प्रयोगशाळा म्हणजे काळ्या दगडी टेबलांवरचे डाग. आणि खरं सांगायचं तर आमची अर्धी जर्नलं वरच्या वर्गातल्या मुलींच्या जर्नलवरून उतरवलेली असायची. हे खेळण्यातलं सामान पाहून मी मनातल्या मनात नाक मुरडलं. सासूबाईंनी मात्र उघड मुरडलं. “हे विष ओट्यावर नको,” त्या म्हणाल्या. मग गॅरेजात घडीचं टेबल लागलं, आणि जूनभर आमची गाडी बाहेर उभी राहिली.

त्यातला एक प्रयोग मी शेजारी बसून पाहिला. घरातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक आम्ल किती, ते काढायचं. ब्युरेट (तोटीची मोजनळी) नाही, तर सिरिंज. 5 मिली व्हिनेगर, त्यात फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब (आम्ल संपलं की ते गुलाबी होतं), आणि वरून 0.5 मोलर तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने. फोन तिवईवर लावलेला, कारण शिक्षिकेला सुरुवातीचं आणि शेवटचं माप हातातल्या ओळखपत्रासकट दिसायला हवं. पहिल्या खेपेला तिने घाई केली आणि पेल्यात एकदम गडद गुलाबी, अगदी कोकम सरबत. ते ओतून दिलं. मग सावकाश. थेंब पडला की जिथे पडला तिथे गुलाबी फिरकी उठायची आणि पेला हलवला की विरून जायची. विरायला वेळ लागू लागला तसा तिचा हात आपोआप हळू झाला. शेवटी एक थेंब असा पडला की पेला हलवूनही फिकट गुलाबी तसाच राहिला. 7.8 मिली. गणित करून उत्तर आलं 4.7 टक्के. बाटलीवर छापलेलं होतं 5.

“चुकलं,” ती म्हणाली, आणि 7.8 चं 8.3 करावं का असा एक विचार तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. माझ्या काळी आम्ही हेच करत असू. आधी उत्तर, मग निरीक्षण. तिने 7.8 च लिहिलं, बहुधा फोन चालू होता म्हणून. दोन दिवसांनी तपासलेला अहवाल आला. शिक्षिकेने उत्तराला एक शब्द वाईट म्हटलं नव्हतं. लिहिलं होतं: ‘सिरिंजवरच्या खुणा 0.2 मिलीच्या आहेत. 5 मिलीच्या मापात आणि 7.8 मिलीच्या मापात तेवढी चूक धर. दोन्ही मिळून बाटलीवरच्या आकड्यापर्यंत पोचता येतं का ते दाखव आणि पुन्हा पाठव.’ लेकीने कागद घेतला. एका मापात 4 टक्क्यांपर्यंत, दुसऱ्यात अडीचच्या आसपास. फरक 6 टक्क्यांचा. पोचता येत होतं, जेमतेम. ती उड्या मारत स्वयंपाकघरात आली. फीचे पैसे मला त्या दिवशी वसूल वाटले.

सगळंच असं नव्हतं. मध्ये दोन आठवडे शिक्षिका सुटीवर आणि बदली माणूस मेलला चार-चार दिवस उत्तर न देणारा. अणूच्या कक्षांचा धडा तिने इंटरनेटवरच्या फुकट व्हिडिओंवरच काढला. एकटीने शिकण्याचा कंटाळाही होताच. जुलैत एका संध्याकाळी “मला कोणाशीतरी भांडायचंय या उत्तरावरून” असं म्हणून ती रडकुंडीला आली. सासूबाई म्हणाल्या, “माझ्याशी भांड.” मग मोल म्हणजे काय हे त्यांना मराठीत समजावण्यात तिचा तासभर गेला. सासूबाई पूर्वी रेशन खात्यात होत्या; ‘डझन म्हणतो तसंच ना, फक्त फार मोठा डझन’ इथवर त्या पोचल्या आणि पुढे त्या डझनाच्या आकड्याला, आव्होगाद्रोच्या संख्येला, त्यांनी हात जोडले.

अंतिम परीक्षेला देखरेख हवी होती. ऑनलाइन देखरेखीचा पर्याय होता, खोलीभर कॅमेरा फिरवून दाखवण्याचा, पण काउन्सेलर बाईंचा फॉर्म म्हणत होता की प्रत्यक्ष माणूस हवा. आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात आधी वेळ घेतली तर ते हे काम करून देतात. ग्रंथपालांनी तिचा फोन काढून घेतला, घड्याळही काढून घेतलं, आणि काचेच्या खोलीत बसवलं.

श्रेणी आली ए वजा. यानंतरचं काम छोटं पण चिवट. ट्रान्स्क्रिप्ट ऑनलाइन शाळेकडून थेट आमच्या शाळेला जायला हवी, आमच्या हातून गेलेली प्रत चालत नाही. ती मागवायचा अर्ज वेगळा, फी वेगळी, आणि उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या कार्यालयात घेणारं कोणी नाही. ऑगस्टात शाळा उघडेपर्यंत ती कुठल्यातरी इनबॉक्समध्ये पडून होती आणि लेकीच्या वेळापत्रकात तोवर साधं केमिस्ट्रीच छापून आलं. काउन्सेलर बाईंना मी सही केलेला फॉर्म दाखवला, त्यांनी दोन मिनिटांत बदलून दिलं. त्या फॉर्मची प्रत मी फोनमध्ये, मेलमध्ये आणि कपाटात अशी तीन ठिकाणी ठेवली होती, त्यावरून घरात माझी चेष्टा व्हायची ती बंद झाली.

एपी केमिस्ट्रीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मागच्या वर्षीच्या अभ्यासावर परीक्षा झाली. गणितं तिला नीट आली, अहवाल लिहिण्यात तर ती बऱ्याच जणांच्या पुढे होती. अडलं ते खरी ब्युरेट हातात आल्यावर. तोटी कशी धरायची, वाचन डोळ्याच्या पातळीवर कसं घ्यायचं, आणि मुख्य म्हणजे चार जणांच्या गटात काम वाटून कसं घ्यायचं, हे गॅरेजात शिकायला मिळालं नव्हतं. एपीत किमान 16 प्रयोग करायचे असतात, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत हात बसला.

आता पुढच्या उन्हाळ्यात भौतिकही असंच काढावं का, असा विषय निघालाय. नवऱ्याचं म्हणणं, सगळं माहीत झालंय तर करून टाकू. लेक नको म्हणते. तिला ते शाळेतच करायचंय, ट्रॉल्या आणि उतरणी असलेल्या खोलीत, भले बारावीत करावं लागलं तरी. “आणि आजी काय दर उन्हाळ्यात येणार आहे का भांडायला?” असंही तिने विचारून ठेवलंय. सासूबाईंनी नाशिकहून कळवलंय की त्या यायला तयार आहेत, पण गॅरेज रिकामं हवं.